संकासुराची लाल जीभ

मी दशावतारातल्या संकासुराचा काळा बुरखा बोलतोय. हो, त्याच वेद पळवणाऱ्या संकासुराचा. डोळ्यांना दोन भोकं आणि खाली लोंबणारी लाल जीभ, एवढंच माझं रूपडं. कट्टा गावच्या बाजारातून काळं कापड आणून तोंडवलीच्या आनंदीनं मला शिवलं. तिचा नवरा भिकाजी दशावतारी कंपनीत संकासूर व्हायचा.

आमच्या खेळाला लिहिलेलं पुस्तक नसतं. तोंडाला रंग लागला की जो तो आपलं बोलणं जागच्या जागी रचतो. राजे-देव शुद्ध मराठीत बोलतात, संकासूर मात्र अस्सल मालवणीत. भिकाजी घरात अगदी मुखदुर्बळ. पण मी डोक्यावर चढलो की त्याला नुसता ऊत यायचा. तोंड झाकल्यावर माणसाचं तोंड सुटतं कसं, हे मला अजून उमगलेलं नाही.

पासष्ट साली रेशनवर तांदूळ मिळेनासा झाला. त्या वर्षीच्या जत्रेत भिकाजीनं एक भलतंच राज्य रचलं.

"आमच्या राजान 'भूक' हो शब्दच बंद केल्यान! आता पोटात कावळे वरडले तर म्हणाचा, पोटात जत्रा आसा!"

माणसं पोट धरधरून हसली. पुढच्या खुर्चीवरचे कचेरीतले साहेब तेवढे हसले नाहीत.

पुढच्या वर्षी हुकूम आला. काय बोलणार ते आधी लिहून दाखवा, नाहीतर खेळ बंद. कंपनीची पाचावर धारण बसली. मालक सत्यवानानं राजांचं बोलणं कसंबसं लिहिलं. पण संकासुराचं काय लिहिणार? त्यानं लिहिलं, 'संकासूर येतो, बोलतो, जातो.' साहेबांनी 'बोलतो' एवढंच खोडलं आणि परवानगी दिली.

"भिकाजी, तोंडातसून शब्द काढू नको रे," सत्यवान काकुळतीला आला. "खेळ बंद पडलो तर सगळ्यांच्या पोटार पाय येतलो."

भिकाजी मुकाट्यानं रंगमंचावर आला आणि उभा राहिला. मी तर पुरता गोंधळलो. माणसंही एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मग बायकांतून लक्ष्मीकाकी ओरडली, "अरे संकासुरा, पोटात जत्रा आसा काय रे?"

आणि सगळा मांडवच ओरडायला लागला. साहेब ताडकन उठले, पण पकडणार कुणाला? संकासूर तर गप्प होता. मी आतून ओलाचिंब झालो. तो घाम होता की रडू, मला सांगता येत नाही.

पुढच्या दोन जत्रांतही संकासूर तसाच मुका राहिला. मग त्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब दिलदार निघाले. म्हणाले, "अहो, संकासुराला बोलू द्या! मी तेच ऐकायला आलोय."

मला कोण आनंद झाला! भिकाजी पुढं आला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याचा गरम श्वास माझ्यावर आदळत होता, पण शब्द काही येईना. शेवटी तो साहेबांकडे वळला, हात जोडले आणि कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाला,

"साहेब, काय बोलू?"

कुणीच हसलं नाही.

तेव्हापासून मी आनंदीच्या ट्रंकेत आहे. ती अधूनमधून मला ऊन दाखवते, जीभ नीट घडी करते आणि पुन्हा आत ठेवते. भिकाजी तिथंच बसलेला असतो, पण हात लावत नाही. मला कुणीतरी घाला हो! मात्र मला घातल्यावर आधी पुढच्या खुर्चीकडे बघू नका.