कागदावरची आई

"मग तूच का नाही होत तिची आई?" मायर्नाने विचारलं. माझं डोकं तेव्हा तिच्या बेसिनमध्ये होतं आणि शाम्पूचा फेस कानात चालला होता.

"अगं, मला होऊ देत नाहीत. मी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे ना. शाळेचा पगार खाणाऱ्याने शाळेशी भांडायचं कसं, असा कायदा आहे."

"बरोबर आहे कायदा."

"बरोबर आहे म्हणून तर तुझ्याकडे आले."

"माझ्याकडे तू केस धुवायला आलीस, आर्डिस," ती म्हणाली आणि नळ सोडला. पण मी मायर्ना स्कोगेनला चाळीस वर्षं ओळखते. तिने 'नाही' म्हटलं नव्हतं.

गोष्ट कॅसिडीची होती. तेरा वर्षांची पोर. लहानपणी मेंदूज्वर झाला तेव्हापासून शब्द तिच्या तोंडून एकेक करून, सावकाश येतात. माझ्यासमोर जेवणाच्या रांगेत उभी राहायची तेव्हा मागची पोरं ढकलायची, आणि मी डाव आपटून त्यांना गप्प करायचे. तिची आई रेनी नशेपायी वाहवत गेली, कोर्टाने तिचे हक्क काढून घेतले. पोर तळ्याकाठच्या सरकारी वसतिगृहात राहायची. तिथल्या बाया पाळ्यांनी यायच्या, पाळ्यांनी जायच्या.

अशा मुलांबद्दल आमच्याकडे कायदा आहे. ज्याला वेगळ्या प्रकारे शिकवावं लागतं, त्याचं काय करायचं ते शाळेने एकटीने ठरवायचं नाही. आईबाप समोर बसलेले हवेत, त्यांची सही हवी. आईबाप नसतील तर कुणाला तरी त्या जागी नेमायचं. त्या माणसाने मुलाला खाऊ घालायचं नाही, घरी ठेवायचं नाही. फक्त त्या खोलीत मुलाच्या बाजूने बसायचं. मी त्याला कागदावरची आई म्हणते. आणि कॅसिडीला ती लगेच हवी होती, कारण शाळा तिला जिल्ह्याच्या गावातल्या खास शाळेत धाडायला निघाली होती. बसने जायला दीड तास, यायला दीड तास.

मायर्नाला मूलबाळ नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घराच्या तळघरात ती बायकांचे केस कापते, आणि केस कापणारी असूनही बोलण्यात कंजूष. गावाची सगळी लफडी तिच्या कानात जातात आणि तिथेच राहतात. तर या बाईने मुकाट्याने दोन शनिवार प्रशिक्षण घेतलं, नेमणूक घेतली, पोरीला भेटून आली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"विचारलं तिला, त्या शाळेत जायचंय का. चालेल म्हणाली."

"चालेल?"

"तिची हरकत नाही, तर मी कोण खोडा घालणारी? मंगळवारी सही करून टाकते."

मला ते पटलं नाही. पण मी मूग गिळून बसले. आमच्या मिनेसोटात हीच रीत आहे. मनात लाख असू दे, तोंडावर 'वा, वेगळंच आहे हं' एवढंच म्हणायचं.

रविवारी वसतिगृहाची परवानगी काढून मायर्ना तिला माझ्याकडे कॉफीला घेऊन आली. मी खजुराच्या वड्या केल्या होत्या.

"कॅसिडी, घे वडी."

"न... नको."

"अगं, एक घे. लहानशी."

"नको. पोट... भरलंय."

"हे बघ, उरल्या की मलाच संपवाव्या लागतात आणि मग हा स्कर्ट बसत नाही. माझ्यावर दया कर."

मग तिने घेतली. एक नाही, दोन घेतल्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी. आमच्याकडे असंच असतं. पहिल्या आग्रहाला हात पुढे केला तर माणूस हावरट, नाहीतर परगावचा. पहिला नकार रीतीचा, दुसरा समोरच्याचं मन बघायला, आणि तिसऱ्या वेळी जे निघेल ते खरं. आमचे पाद्रीबुवासुद्धा तिसऱ्या आग्रहालाच खुर्चीत टेकतात. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं आम्ही, पोरीने दुसरं काय शिकायचं?

कॅसिडी मागच्या अंगणात कुत्र्याशी खेळायला गेली. मायर्नाचा कप मात्र मघापासून हातातच होता.

"आर्डिस, मी तिला एकदाच विचारलं," ती म्हणाली.

"काय एकदाच?"

"शाळेचं. एकदा विचारलं आणि तिचं 'चालेल' घेऊन घरी आले." तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "वडीसाठी आपण तिला तीनदा विचारलं."

आम्ही दोघी या मातीत वाढलेल्या, आणि दोघींच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

"मग आता विचार की. अंगणातच आहे."

"नाही. ज्यांनी तिला पाठवायचं ठरवलंय, त्यांच्यासमोर विचारीन. त्यांच्या कानांवर पडू दे."

मंगळवारी मी रजा टाकून तिच्याबरोबर शाळेतल्या बैठकीला गेले. पालकाला सोबत कुणालाही आणता येतं, आणि पोरीलाही. मायर्नाने दोघींना आणलं. टेबलाभोवती सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे आपापलं नाव आणि काम सांगितलं. लिंडालसाहेब, अशा मुलांच्या विभागाचे प्रमुख. मानसतज्ज्ञ बाई, शहरातून नव्या आलेल्या. वर्गशिक्षिका. बोलायला शिकवणारे सर. मग मायर्नाची पाळी आली.

"मायर्ना स्कोगेन," ती म्हणाली. "पालक."

तो शब्द तिने उभ्या जन्मात स्वतःसाठी वापरला नसेल. पण जराही न अडखळता म्हणाली, जणू रोजचंच आहे. मी तिच्याकडे बघतच राहिले.

डेल लिंडाल काही वाईट माणूस नाही. त्याचं जावळ मायर्नानेच काढलेलं. "मायर्ना, हे तिच्या भल्यासाठीच आहे गं," तो समजावत म्हणाला. "तिकडे वर्गात सहाच मुलं. आणि ती स्वतः हो म्हणालीय."

"हो नाही म्हणाली, डेल. चालेल म्हणाली. जेवताना 'ताट उचलू?' ला तू 'चालेल' म्हणालास तर तुझी आई लगेच उचलते का?"

वर्गशिक्षिका खुदकन हसली. लिंडालचे कान लाल झाले.

मायर्नाने खुर्ची पोरीकडे वळवली. "कॅसिडी, तुला त्या शाळेत जायचंय का?"

"मला... चालेल."

मानसतज्ज्ञ बाईंनी लिहून घेतलं. मायर्नाने पुन्हा विचारलं. "तुला जायचंय का, बाळ?"

"तुम्ही... म्हणाल तसं."

"आपण मुलीवर दडपण आणतोय असं नाही वाटत?" मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं, त्यांच्या गावी तसंच असेल. पण लिंडालने हात वर करून त्यांना थांबवलं. शेवटी तो इथलाच.

"माझं राहू दे," मायर्ना म्हणाली. "यांचंही राहू दे. तू काहीही म्हणालीस तरी मी याच खुर्चीत आहे. तुला काय हवंय?"

पोर टेबलाकडे बघत होती, ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या सरांनी सवयीने शब्द पुरवायला तोंड उघडलं, तर मायर्नाने नुसता तळहात टेबलावर ठेवला. त्यांनी ते मिटलं. एवढी शिकलीसवरली माणसं एका पोरीच्या शब्दाची वाट बघत श्वास रोखून बसली होती.

"इथे... सगळ्यांना माहीत आहे, मी हळू बोलते," कॅसिडी म्हणाली. "तिकडे... पहिल्यापासून सांगावं लागेल. परत. सगळ्यांना." मग तिने मान वर केली. "मला इथे राहायचंय."

मला रडू आलं, सांगायला लाज कसली? प्रार्थनेला मी उभा जन्म जातेय, पण हात जोडावेत असं इतकं मला तिथेही कधी वाटलं नव्हतं.

"ऐकलंस, डेल? मी सही करणार नाही," मायर्ना म्हणाली.

लिंडालने चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "मग इथे काय काय लागेल ते बघू," तो म्हणाला.

त्यावर आणखी दोन बैठका झाल्या, वादही झाले. पण पोर राहिली. मदतीला वर्गात एक बाई मिळाली. सुतारकामाच्या तासाला कॅसिडीने बनवलेलं स्टूल माझ्या स्वयंपाकघरात आहे, जरासं डुगडुगतं.

दीडेक वर्षाने रेनी परत आली. नशा सुटली होती, काम मिळालं होतं, कोर्टाने हक्क परत दिले. आणि त्याच दिवशी मायर्नाची नेमणूक संपली. कायदा स्पष्ट आहे. खरी आई आली की कागदावरच्या आईने उठायचं. पोरीचे गुण किती, एवढं विचारायचाही तिला अधिकार उरला नाही. मी तणतणले. मायर्ना म्हणाली, "पोरीला आई मिळाली, आर्डिस. तोंड आवर."

मी तोवर निवृत्त झाले होते. एका सकाळी तिच्या तळघरात गप्पा मारत बसले होते, तर रेनी दारात उभी. अंगावर उसना कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

"केस जरा नीट करून द्याल? आज शाळेत बैठक आहे. ती सगळी शिकलेली माणसं, आणि मी ही अशी..." मग एकदम थबकली. "तुम्हीच ना त्या? कॅसिडीच्या..."

"मी केस कापते," मायर्ना म्हणाली. "बसा."

तिने केस धुतले. घाई म्हणून केली नाही. रेनीने डोळे मिटले आणि तशीच, बेसिनमध्ये मान टाकून म्हणाली, "मला तिचं काहीच माहीत नाही हो. तिच्यासाठी तिथे काय मागू? तुम्हीच सांगा."

आता सांगेल, मला वाटलं. तिला सगळं ठाऊक होतं. पोर कुठे अडते, कशाने खुलते, कोणत्या सरांना घाबरते. मायर्नाचे हात क्षणभर थांबले, पाणी वाहत राहिलं.

"ते तिलाच विचारा," ती म्हणाली. "वेळ लागतो तिला. थांबा."

मग केस वाळवले, विंचरले, मागे नेऊन पिन लावली, कोटाच्या बाह्या आत दुमडून दिल्या, आणि खुर्ची आरशाकडे फिरवली. रेनीने स्वतःकडे पाहिलं आणि तिची पाठ ताठ झाली.

तळघराच्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांची फक्त पावलं दिसतात. रेनीचे बूट फाटकापाशी थांबले, परत वळतात की काय असं वाटलं, मग शाळेच्या दिशेने निघाले. मायर्ना ओला टॉवेल हातात धरून ते दिसेनासे होईपर्यंत उभी होती.

मग तिने मला खुर्चीत बसायची खूण केली. माझे केस दोनच दिवसांपूर्वी तिनेच कापले होते. तरी मी जाऊन बसले.