दोन मिनिटांची फिल्म

फोटो काढायला येणार म्हणून रंगूबाईने हिरवी इरकल नेसली होती. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. लेकीच्या कॉलेजची माणसं, त्यात आपल्या शेठचा मुलगा. गबाळं कसं जायचं?

शेठच्या मुलाने, विपुलने, तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आँटी, मस्त दिसताय," असं म्हणून तो उज्वलाकडे वळला आणि रंगूबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "यार, ये तो शादी में जा रही है."

उज्वला ओशाळून हसली. "आई, सांगितलं होतं ना, रोजची साडी नेस म्हणून."

"रोजची धुवायला टाकलीय. आणि फोटूला काय रोजची नेसतात?"

रविवार होता. कांदा-बटाट्याचं मार्केट बंद. शेठच्या गाळ्यामागे खराब मालाचा ढीग पडला होता, सोमवारी गाडी येऊन उचलायची. तिथे ते तिघं उभे होते. वासाने विपुलने नाकाला रुमाल लावला होता. रंगूबाईला वास येत नव्हता. एकोणीस वर्षं तिची सकाळ त्या वासातच उजाडत होती.

रंगूबाई पाटणकडची. नवरा याच मार्केटात पोती वाहायचा. सहा वर्षांपूर्वी गेला. ती या गाळ्यावर कांदा निवडायची. मोठा वेगळा, बारकी गोल्टी वेगळी, डागी बाजूला. आठ बायकांची टोळी, त्यावर शिवा मुकादम. कोपरखैरण्याच्या एका खोलीत मायलेकी राहायच्या आणि उज्वला वाशीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती.

त्या कॉलेजात परिषद भरणार होती. अकरा देशांचे विद्यार्थी येऊन जगाच्या प्रश्नांवर बोलणार होते. कुणी पाण्यावर, कुणी लढायांवर. उज्वला वाया जाणाऱ्या अन्नावर बोलणार होती. प्रत्येकाच्या भाषणाआधी त्याच्या घरादाराची, तो कुठून वर आला त्याची दोन मिनिटांची फिल्म दाखवायची. शेवटी सगळ्यांतून एकाला निवडून वर्षभरासाठी जिनिव्हाला नेणार. फिल्मचं सगळं काम विपुलकडे.

"बॅकग्राउंड स्ट्राँग पाहिजे," हे त्याचं पालुपद उज्वला घरी येऊन सांगायची. मोरा बंदरावरची नफिसा समुद्रावर बोलणार होती. तिच्या वडिलांचं बोटीची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. विपुल तिला म्हणाला, दुकान राहू दे, वडील समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत असं दाखवू. नफिसा म्हणाली, "माझे अब्बा रोज जेवताना अम्मीच्या कालवणाला नावं ठेवतात. ते बुडालेत असं मी कुठल्या तोंडाने सांगू?" हे सांगताना उज्वला पोट धरून हसली होती. मग हसू थांबवून म्हणाली होती, "तिला शेवटचा नंबर दिला. जेवणानंतरचा. तेव्हा हॉलमध्ये कोण असतं?"

आता ती ढिगाकडे बोट दाखवून म्हणत होती, "आई, यातले थोडे कांदे उचलून पदरात भरायचे. बस, एवढंच."

रंगूबाई दोन पावलं मागे सरली. "आपल्यात उचलत न्हाईत गं. तुला म्हाईत हाय."

उज्वलाला माहीत होतंच. त्या टोळीत खाली पडलेली बोराएवढी चिंगळीसुद्धा कुणी उचलायची नाही. शनिवारी सुट्टी होताना मुकादम आपल्या हाताने प्रत्येकीच्या पिशवीत दोन मुठी वानोळा घालायचा, तेवढा घरी न्यायचा. डागी कांद्यालाही हात लावायचा नाही, आणि त्याला कारण होतं. कोणता कांदा चांगला आणि कोणता डागी हे ठरवायचं याच बायकांनी. डागी घरी न्यायची मुभा दिली की चांगलाही डागी ठरायला वेळ लागत नाही. म्हणून ढिगातून उचलणारी सापडली की त्याच दिवशी टोळीतून बाहेर. पुन्हा आसपासच्या कुठल्या गाळ्यावर तिला कोणी बसू देत नसे.

"आज कोण आहे इथे?" उज्वला म्हणाली. "आणि फिल्म बाहेरच्या देशातले लोक बघणार. टोळीतल्या तुझ्या बायजाबाईला कोण दाखवायला जातंय? नाटकात करतात तसं करायचं. माझ्यासाठी एवढं नाही करणार?"

रंगूबाई वाकली. एक कांदा उचलला, हातात फिरवून पाहिला, मऊ लागला म्हणून टाकला. दुसरा उचलला, तोही टाकला.

"आँटी, निवडू नका!" विपुल ओरडला. "भूक लागल्यासारखं भरा ना. दोन्ही हातांनी."

दुसऱ्यांदा केलं. विपुलला साडी पसंत पडेना. तेव्हा उज्वला पुढे झाली, आईचा पदर हातात घेतला आणि ओल्या भिंतीवर, ढिगावर चांगला घासला. इरकलीचा काठ काळा झाला. अंबाड्यातल्या दोन बटा तिने ओढून कपाळावर आणल्या. "सॉरी हं आई," असंही म्हणाली.

तिसऱ्यांदा चांगलं झालं. कांदा डोळ्यांना झोंबल्यामुळे असेल किंवा साडीमुळे असेल, रंगूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि विपुलने कॅमेरा तिच्या तोंडाजवळ नेला होता.

पुढच्या शनिवारी परिषद झाली. रंगूबाईला तिसऱ्या रांगेत खुर्ची होती. हॉलमध्ये गारठा एवढा की तिने पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. एकेकाची फिल्म लागत होती. एका नेपाळी मुलाचं घर भूकंपात पडलेलं. कुठल्याशा देशातली एक काळीसावळी मुलगी, डोक्यावर हंडा घेऊन चाललेली. प्रत्येक फिल्म संपली की टाळ्या पडायच्या. ज्याचं दुःख मोठं त्याला टाळ्या जास्त. रंगूबाईला त्या पोरांची दया आली. मनात म्हणाली, आपलं तसं काही नाही बाई, आपलं बरं चाललंय.

मग पडद्यावर ती स्वतः आली. भिंतीएवढी. काळ्या पदरात दोन्ही हातांनी सडके कांदे भरणारी, नाक ओढणारी. वरून उज्वलाचा आवाज इंग्रजीत काहीतरी सांगत होता. शेजारच्या बाईने रंगूबाईकडे पाहिलं आणि आपली पर्स मांडीवरून उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.

उज्वला बोलली छान. टाळ्या थांबेनात, लोक उभे राहिले. पहिल्या रांगेतला एक पाहुणाही उभा राहिला. चष्मा काढून रुमालाने डोळे टिपले, मागे वळून रंगूबाईला पाहिलं आणि हात जोडले.

ते शेठ होते. परिषदेच्या जेवणाचा सगळा खर्च त्यांचा होता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनेही हात जोडले. एकोणीस वर्षांत शेठने तिला पहिल्यांदाच नमस्कार केला होता. त्याच आनंदात तिचा रविवार गेला.

सोमवारी सकाळी ती आपल्या जागेवर बसायला गेली तर शिवा मुकादम आडवा आला.

"बसू नको, रंगूबाई."

"का रं? उशीर झाला व्हय?"

बाकीच्या सात जणी खाली बघून कांदे निवडत होत्या. तिच्या शेजारी इतकी वर्षं बसलेली बायजाबाई मान वर न करता म्हणाली, "बघितलं आमी. शेठनी मोबाइलवर दावलं समद्यांना. लई ग्वाड रडलीस गं."

"अगं, ते नाटक व्हतं! पोरीच्या कालेजात..."

"नाटक!" बायजाबाईने हातातला कांदा पाटीत आपटला. "आमी म्हनायचो, रंगीची पोर कालेजात कशी शिकते. आता कळलं. आज आत येताना आमच्या पिशव्या उलट्या करून बघितल्या, ठावं हाय? या बाळाबाईची झडती घेतली, सुनेच्या वयाच्या पोरीनं घेतली. तुझ्यापायी!"

बाळाबाई, टोळीतली सगळ्यांत म्हातारी, जागेवरून थोडी सरकली. रंगूबाईची रिकामी जागा तिने भरून टाकली.

शिवाला वाईट वाटत असावं. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, शेठचं म्हणणं एवढंच हाय. फिल्म पोरीनं केलीय. पोरीनं येऊन सांगावं की हे सगळं बनवलेलं हाय. मग बस जागेवर. मी सोता टोळीला सांगतो."

"एवढंच ना?" रंगूबाईचा जीव भांड्यात पडला. "आत्ता बोलवते."

उज्वला अर्ध्या तासात आली. विपुलच्या गाडीतून आली, कारण दोघं व्हिसाच्या कागदांसाठी निघालेच होते; तिची निवड झाल्याचं रविवारी रात्रीच कळलं होतं. आईला सांगायचं राहून गेलं होतं. शेठ गादीवरून उठून गाळ्याच्या तोंडाशी आले. बायकांचे हात थांबले.

"विपुल, तूच सांग रं बाबा," रंगूबाई म्हणाली. "तूच म्हणालास न्हवं, दोन्ही हातांनी भरा म्हणून?"

विपुलने खांदे उडवले. "पप्पा, आम्ही फक्त शूट केलं. त्या रोज करतात ते."

"रोज?" रंगूबाईने लेकीकडे पाहिलं. "उजे, सांग यांना."

उज्वलाने विपुलकडे पाहिलं. मग हातातल्या फायलीकडे. रंगूबाईला वाटलं, पोर घाबरली. ती लेकीजवळ गेली, पाठीवर हात ठेवला. "सांग बाळा. भिऊ नको. खरं तेच तर सांगायचंय."

उज्वला सरळ उभी राहिली. शनिवारी स्टेजवर उभी होती तशीच, आवाजही तोच.

"काका, आईचा दोष नाही. घरात खायला नसायचं. ती इथून आणायची. मी तेच खाऊन मोठी झाले."



"कवा गं?" रंगूबाई म्हणाली. "कवा खाल्लंस तू?"

"आई," उज्वलाने तिचा हात हातात घेतला, "यात लाजण्यासारखं काही नाही."

बायजाबाई हसली. तिच्या पाठोपाठ आणखी दोघी-तिघी हसल्या. शेठना मात्र भरून आलं होतं. त्यांनी उज्वलाच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, हिंमत लागते हे बोलायला. माझ्या गाळ्यावर बाई उपाशी होती आणि मला पत्ता नाही! रंगूबाई, एकदा मागायचं होतं. मी नाही म्हटलं असतं?" मग ते शिवाकडे वळले. "हिशेब करून मोकळं कर हिला. तिच्यावर माझा राग नाही. पण माल तो माल. आणि हे बघ, पिशवीभर कांदे दे हिला. माझ्याकडून."

शिवाने पिशवी बायजाबाईकडे टाकली. बायजाबाईने डागीची पाटी पुढे ओढली. त्यात चुकून आलेले दोन-चार बरे कांदे होते, ते तिने वेचून बाजूला काढले आणि उरलेले पिशवीत भरले. सावकाश भरले, एकेक फिरवून, रंगूबाईकडे बघत.

रंगूबाईने हात पुढे केला नाही.

"घे ना आई," उज्वला दातांतून म्हणाली. "सगळे बघतायत."

तिने पिशवी घेतली.

बाहेर गाडीपाशी उज्वला तिच्या कानाशी येऊन भराभर बोलू लागली. "चिडू नको ना. मी काय करू? खोटं आहे म्हटलं असतं तर तिकडे कळलं असतं. माझ्या जागी नेपाळवाला गेला असता. वर्षाचा तर प्रश्न आहे. परत आले की मी कमावणार, तुला काम करायलाच लागणार नाही. कशाला टेन्शन घेतेस?"

"तुझ्या ताटात मी एकदा तरी डागी कांदा चिरला का?"

"आता तू सुरू नको होऊस, प्लीज."

"एकदा तरी, उजे?"

विपुलने हॉर्न वाजवला. उज्वला गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "संध्याकाळी बोलू. ते कांदे फेकून दे वाटेत, वास येतोय."

पण वाटेत फेकले असते तर कुणीतरी पाहिलं असतं, आणि शेठला कळलं असतं की त्यांनी दिलेलं दान बाईने फेकलं. रंगूबाई पिशवी घेऊन चालत राहिली. दोन्ही बाजूंच्या गाळ्यांतून बायका निवडत बसल्या होत्या. काही जणी तिला ओळखणाऱ्या होत्या. त्यांनी आज ओळख दिली नाही. काहींनी जरा जास्तच दिली.

गेटवर वॉचमनने काठी आडवी धरली. "पावती?"

"शेठनी दिलेत."

"सगळे असंच म्हणतात, मावशी." त्याने पिशवीचं तोंड उघडलं, आत डोकावला आणि नाक मुरडून मागे झाला. मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "अरे! तुमी त्या व्हिडिओतल्या ना? सकाळीच आला आमच्या ग्रुपवर."

"खोटं हाय ते," रंगूबाई म्हणाली. तोंडातून शब्द निघून गेला.

"काय खोटं?"

ती थांबली. हा माणूस बोलका दिसत होता. याला सांगितलेलं दुपारपर्यंत गाळ्यागाळ्यांत पोचलं असतं, संध्याकाळपर्यंत कॉलेजात. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"काय न्हाई," ती म्हणाली.

वॉचमन भला माणूस होता. त्याने काठी वर केली आणि तिला वाट करून दिली. ती दोन पावलं पुढे गेली तेव्हा त्याने मागून हाक मारली आणि जवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं, "उद्यापासून या गेटला येऊ नका मावशी, इथं अडवतात. मागच्या गेटला अकराच्या सुमारास कचऱ्याची गाडी भरतात. तिथं बसत जावा. कोण काय बोलत नाही."

रंगूबाईने मान हलवली.

"बरं," ती म्हणाली.