केसभर चीर

निशिहारांच्या पायांतले विंटर बूट काढायला अक्षता दाराशी गुडघे टेकून बसली. बुटांवर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग पडले होते आणि एका बुटाची चेन अर्ध्यावर अडकली होती. निशिहारा एका हाताने भिंत धरून उभे होते. दवाखान्यात नंबर येईपर्यंत माणूस बघतो तसं, काही विशेष न शोधता, ते घर बघत होते. चेन सुटली. तिने दोन्ही बूट रबरी ट्रेमध्ये ठेवले आणि त्यांच्यापुढे सपाता सरकवल्या. सपाता नव्या होत्या, आदल्या दिवशी ग्रोसरीबरोबर आणलेल्या. या घरात पाहुण्यासाठी सपाता लागतील असं तिला इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं.

"इथे कोण राहतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी राहते."

"घर नीटनेटकं आहे," ते म्हणाले. अनोळखी माणसाच्या घरी गेल्यावर काहीतरी चांगलं बोलावं, तसं.

हेन्री निशिहारा चष्म्याचे डॉक्टर. वॉटर्लूत किंग स्ट्रीटवर त्यांचा दवाखाना होता. अक्षता नागपूरहून इथे शिकायला आली, इथेच नोकरीला लागली, स्वानंदशी तिचं लग्न झालं, आणि ते मोडलं त्याच सुमारास तिच्या चष्म्याचा नंबर बदलला. तपासणीच्या खोलीत अक्षरांच्या तक्त्याशेजारी एक चौकट टांगलेली होती. कागदावर काळ्या शाईने काढलेली एक लांबट आकृती, आणि तिच्या आतून कडेकडेने गेलेली नागमोडी रेघ. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला सांगितली तेव्हा ती त्या रेघेकडेच बघत होती. डोंगर आहेत का, असं तिने विचारलं. पोलाद आहे, ते म्हणाले. जपानी तलवारीची धार कडक करण्यासाठी पातं तापवून पाण्यात बुडवतात, तेव्हा कडक आणि मऊ पोलादाच्या सीमेवर ही रेघ उमटते. हस्ताक्षरासारखी असते, प्रत्येक लोहाराची वेगळी. मग त्यांनी तिचे डोळे तपासले, आणि निघताना म्हणाले, बघायची असेल तर शनिवारी दुपारी घरी या.

ती गेली. त्यांच्या बेसमेंटमध्ये एका बुटक्या टेबलाभोवती सात-आठ माणसं जमायची. अंगठ्या आणि घड्याळं काढून ठेवायची, पात्याला वाकून नमस्कार करायचा, आणि पातं हातात असेपर्यंत तोंड उघडायचं नाही, कारण थुंकीचा एक सूक्ष्म थेंबही पोलादावर गंज आणतो. मुठीत जाणाऱ्या टोकावर लोहाराचं नाव कोरलेलं असतं, त्यावर कापड गुंडाळलेलं असे. पातं नुसतं बघून ते कोणी घडवलं ते ओळखायचं. बरोबर आलं की निशिहारा म्हणायचे, "अतारी." लागलं. आणि पातं पुढच्या माणसाकडे देताना, त्याच्या हाताने वजन पुरतं पेललं आहे हे जाणवेपर्यंत देणाऱ्याने सोडायचं नाही. घरी कोणी नसलेल्या त्या दिवसांत आठवड्यातून एकदाच कोणीतरी अक्षताच्या हाताची अशी वाट बघत असे. तलवारींचं वेड तिला त्यानंतर लागलं. आधी लागली होती ती शनिवारची सवय.

धाकटा भाऊ मिलिंद फोनवर म्हणायचा, ताई, तलवारच बघायची तर आपल्याकडे काय कमी आहेत? हसून ती विषय बदलायची.

मग टेबलाभोवतीची माणसं कमी होत गेली. एक जण कॅलगरीला गेला, एक वारला, दोघांनी आपापला संग्रह विकून टाकला. शेवटी निशिहारा आणि अक्षता असे दोघेच उरले, तरी ते कधी शनिवार चुकवायचे नाहीत. एका शनिवारी त्यांनी बघून झालेलं पातं पुन्हा तिच्यापुढे ठेवलं, आणि जरा वेळाने परत तेच. नंतर एकदा त्यांना स्वतःच्याच घरात बेसमेंटचा जिना सापडेना. व्हँकुव्हरहून त्यांची मुलगी जॉइस आली. घर विकलं गेलं, टोरांटोचा एक व्यापारी तलवारी घेऊन गेला, आणि निशिहारा वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये राहायला गेले. एक कट्यार तेवढी जॉइसने बाजूला काढून ठेवली होती. ही अक्षतासाठी, असं बाबा म्हणाले, असं तिने सांगितलं. ते खरंच तसं म्हणाले होते, की जॉइसनेच तसं समजून घेतलं होतं, हे विचारायची ती वेळ नव्हती.

वीतभर पात्याची ती कट्यार निशिहारांच्या बायकोने, फुमीने, हॅमिल्टनच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांच्यासाठी आणली होती. त्यांच्याकडची ती पहिली वस्तू. शनिवारच्या मंडळात कोणी नवीन आलं की ते तिच्यापासूनच सुरुवात करायचे. अक्षताने ती घरी आणली आणि कपाटात ठेवली. शनिवारी ती काढायची, जुनं तेल पुसायची, दिव्याखाली धरायची, नवीन तेलाचा हात फिरवून म्यानात घालायची. पुढे द्यायला कोणी नसल्यामुळे सगळं फार लवकर आटपायचं. पुढेपुढे ती नुसतं तेल लावू लागली. बघणं राहूनच गेलं.

नर्सिंग होममध्ये मात्र ती दर शनिवारी जायची. निशिहारा तिच्याशी अदबीने वागायचे. कधी ते तिला फिजिओथेरपिस्ट समजायचे, कधी बँकेतली बाई. एकदा त्यांनी तिला विचारलं होतं, तुम्ही या इमारतीत नवीन आहात का? त्या दिवशी घरी परतताना तिच्या मनात आलं की माणसं विसरली तरी ती कट्यार ते विसरले नसतील. ती ओळखली, तर तिच्यामागोमाग कदाचित आपणही त्यांना ओळखू येऊ. नर्सिंग होममध्ये पातं न्यायला अर्थातच मनाई होती. म्हणून त्यांनाच घरी आणायचं तिने ठरवलं. जॉइसला तिने फोन केला. जॉइस म्हणाली, घेऊन जा, पण ती माझी आहे, मला परत हवी, असं ते म्हणाले तर काय करशील? आज निघताना रिसेप्शनवरची पंजाबी मुलगी तेवढं म्हणाली होती, "दीदी, पाँच बजे खाना लगता है, उससे पहले ले आना."

घरात जिथे पूर्वी डायनिंग टेबल होतं ती जागा रिकामीच होती. टेबल स्वानंदने ब्रॅम्पटनला नेलं आणि तिने दुसरं आणलं नाही. तिथे तिने एक बुटकं स्टूल ठेवलं होतं, त्यावर गोधडी, गोधडीवर पांढरा कपडा. समोरासमोर दोन खुर्च्या. तिने पडदे ओढले आणि उघड्या बल्बचा दिवा लावला. मग कट्यार म्यानातून काढून, मूठ उतरवून, नावाच्या टोकावर कापड गुंडाळून कपड्यावर ठेवली, आणि निशिहारांना खुर्चीत बसवलं.

ते पात्याकडे बघत राहिले. सकाळी त्यांना कोटाची बटणंही लावता आली नव्हती. आता त्यांनी कोणी न सांगता मनगटावरचं घड्याळ काढलं आणि अंदाजाने डाव्या हाताला, कपड्यापासून दूर ठेवलं. कमरेतून वाकून नमस्कार केला. पातं उचलून दिव्याच्या दिशेने धरलं, आणि त्यांचे ओठ घट्ट मिटले.

कितीतरी वेळ ते बघत होते. आधी सबंध आकार, हात लांब करून. मग पोलादातल्या लाकडासारख्या बारीक रेषा. मग धारेकडची ती रेघ, जी सरळ बघितली तर दिसत नाही आणि दिव्याचं प्रतिबिंब तिच्यावर आणलं की धुक्यासारखी वर येते. आत फ्रीज सुरू झाला आणि बंद पडला. अक्षता समोर हात बांधून बसली होती. शनिवारी बसायची तशी.

त्यांनी पातं खाली ठेवलं आणि तोंड बाजूला वळवून ते म्हणाले, "बिझेन प्रांत. ओसाफुने गाव. हात चांगला आहे, पण तिथल्या लोहार घराण्याच्या उतरत्या काळातला."

"अतारी," अक्षता म्हणाली.

ते हसले. पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलेल्या माणसासारखे, दोन्ही हात मांडीवर आपटून. आपलीच कट्यार त्यांनी ओळखली होती, गावासकट, काळासकट. फक्त ती आपली आहे एवढं त्यात नव्हतं.

"कोणाची आहे ही?" त्यांनी विचारलं.

अक्षताने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे नुसती उत्सुकता होती.

"माझी," ती म्हणाली. हा शब्द तिने या वस्तूबद्दल आजवर कधी वापरला नव्हता, मनातसुद्धा.

ते जरा पुढे झुकले. खिशातून पेपर नॅपकिन काढून त्यांनी त्याची टोकदार घडी केली आणि पात्याला न लावता धारेच्या एका जागेवर धरली. "इथे बघितलंत कधी?"

तिथे केसभर चीर होती. धारेतून आत काटकोनात गेलेली, दिवा एका विशिष्ट कोनात आला तरच दिसणारी. अशी चीर सापडली की जाणकार माणूस पातं खाली ठेवतो आणि पुन्हा उचलत नाही. तलवारीला याहून मोठं वैगुण्य नाही. अक्षताने ती मंडळात आल्यावर पहिल्याच वर्षी पाहिली होती. निशिहारांना ती कधी दिसली नसावी असंच ती धरून चालली होती. त्यांच्या बायकोची भेट, म्हणून तिने तो विषय काढला नव्हता.

"बघितली आहे," ती म्हणाली. "खूप वर्षं झाली."

"तरी ठेवलीत?"

"ठेवली."

"बरं केलंत." त्यांनी नॅपकिन पुन्हा नीट उलगडून खिशात ठेवला. "माझ्याकडेही अशीच एक आहे. माझ्या बायकोने आणलेली. घरी आणली त्याच संध्याकाळी मला चीर दिसली. ती इतकी खूश होती की मी काही बोललो नाही. पुढे बोलायचं राहूनच गेलं."

त्यांना मग चहा हवासा वाटला. तिने चहा केला, त्यांनी बिस्किटं मागून घेतली, आणि खिडकीचा पडदा सरकवल्यावर खालून जाणारी ट्राम बघत ते बराच वेळ बसले. कट्यारीकडे त्यांनी परत पाहिलं नाही. अक्षताने ती पुसून, तेल लावून म्यानात घातली आणि कपाटात ठेवून दिली. जॉइसचा प्रश्न उठलाच नाही, याचं तिला हायसं वाटलं, आणि लगेच ते हायसं वाटणं नकोसं झालं.

परत जाताना बर्फ भुरभुरायला लागलं होतं. युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूवर शनिवारची गर्दी होती, गाडी सिग्नलमागून सिग्नलला थांबत होती. निशिहारा बराच वेळ वायपरकडे बघत होते. मग आपणहून बोलायला लागले.

"माझ्याकडे एक मुलगी येते शिकायला. तुमच्याच देशातली. नजर फार चांगली आहे तिची. माझ्या पात्यातली ती चीर तिने पहिल्याच वर्षी पकडली."

अक्षताने स्टिअरिंगवरचे हात हलवले नाहीत. "तिने सांगितलं तुम्हाला?"

"छे. नाही सांगितलं, म्हणून तर मला कळलं. तिथे येऊन तिचा हात थांबला. पुन्हा दिवा धरून तिने बघितलं. मग पातं उलटलं आणि मागच्या बाजूची रेघ किती सुंदर आहे ते मला सांगत बसली. दर वेळी तसंच करायची." ते स्वतःशीच हसले. "ती मला सांभाळत होती. मीही तिला सांभाळू दिलं."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. अक्षताने गाडी पुढे घेतली.

"हल्ली येत नाही ती," निशिहारा म्हणाले. "शनिवारी मी वाट बघतो. एक बाई येतात कोणीतरी, चांगल्या आहेत, पण ती काही येत नाही. कामात असेल."

"असेल," अक्षता म्हणाली.

नर्सिंग होमच्या दारापुढे तिने गाडी लावली, पण इंजिन बंद केलं नाही. आतल्या काचेतून जेवणाची टेबलं मांडताना दिसत होती. निशिहारांनी सीटबेल्टचं बटण शोधलं, त्यांना ते सापडलं नाही, आणि त्यांनी तो नाद सोडून दिला.

"तुमची हरकत नसेल तर पुढच्या वेळी तिला घेऊन येऊ का? तिला तुमची कट्यार बघायला आवडेल. फारसं बोलत नाही ती. तुम्हाला त्रास होणार नाही."

"आणा ना," अक्षता म्हणाली. "जरूर आणा."

"तुमचं नाव काय सांगू तिला?"

तिने वाकून त्यांचा सीटबेल्ट सोडवला आणि तो हळूच बाजूला जाऊ दिला.

"अक्षता."

त्यांनी ते हळूहळू म्हणून बघितलं. एकदा चुकलं, मग बरोबर आलं.

"अवघड आहे," ते म्हणाले. "पण तिला जमेल."