वकिलाला सांगितलेलं खरं

मृत्युंजय वकिलांकडे मी एकतीस वर्षं कारकून आहे. फौजदारी खटला घेण्याआधी त्यांची एक रीत होती. आरोपी लिंगायत असेल, तर ते त्याला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायला लावत; ते हातात असताना लिंगायत माणूस खोटं बोलत नाही. "आता खरं सांग. खरं कळलं तरच तुला वाचवता येईल." तो सांगे आणि मी वहीत उतरून घेई. हे योग्य होतं की नाही, मला कधी ठरवता आलं नाही. पण वहीतलं अक्षर खोलीबाहेर जात नसे.

गुरप्पानेही असंच सांगितलं होतं. बांधावरच्या मारामारीत मंठाळ गावचा तानाजी मेला, त्याच्यावर कुऱ्हाड त्यानेच चालवली होती. घाव कुणाचा हे कोर्टात सिद्ध झालं नाही आणि तो सुटला. पुढे त्याने तालुक्याला सिमेंटचं दुकान टाकलं. यंदा तो नगरसभेवर निवडून आला. कोर्ट सोडून राजकारणात उतरलेले आमचे साहेबही आले.

अध्यक्षपदासाठी साहेब उभे होते; दोन्हीकडे पंधरा-पंधरा मतं होती. एकतिसावा गुरप्पा, आणि तो विरुद्ध बाजूला झुकलेला.

मतदानाच्या आदल्या सकाळी साहेब म्हणाले, "राघोबा, गुरप्पाची वही काढा."

कशाला, ते मला कळलं होतं. तरी वही काढून दिली.

गुरप्पा हसतच आला. "काय अप्पा, च्या पाजायला बोलिवलात व्हय? च्या पितो, मत न्हाई देत."

साहेबांनी वहीतल्या चार ओळी वाचल्या.

"कोर्टानं सोडलंय मला," गुरप्पा म्हणाला.

"कोर्ट पुन्हा धरणार न्हाई. पण तानाजीचे भाऊ मंठाळातच हायत. घाव कुणाचा, त्यांना अजून ठाऊक न्हाई."

गुरप्पाने माझ्याकडे पाहिलं. "राघोबाअण्णा, तुमी कामून दिलात वही?"

मी वह्यांचं कपाट लावून घेतलं.

"लिंग हातात घेऊन बोललो होतो, अप्पा. त्याचा धाक घालायलास?" तो उठला. "माझं मीच जाऊन सांगतो त्यांना. मग वाचत बसा वही चौकात."

"येडा हैस का? बस खाली!"

तो निघाला. मी मागे धावायला हवं होतं. वाटलं, राग उतरला की वाटेतून परत फिरेल.

दुपारी बातमी आली. भावांनी त्याला अंगणातच तोडलं. पळाला नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी मतं समसमान पडली. चिठ्ठी काढली, ती साहेबांची निघाली.

चौथ्या दिवशी तानाजीची आई, चंद्रभागाबाई, ऑफिसात आली. "दोन्ही पोरं आत हायत, अण्णा. एक तर गेलाच होता. गुरप्पाला सोडिवलेले वकीलच पायजेत मला. लई हुशार हायत म्हणत्यात." मग म्हणाली, "तो आपल्या पायानं कामून आला आमच्या दारी, काय की."

ते मी सांगू शकलो असतो. मी आत गेलो.

"मी आता केस घेत न्हाई," साहेब म्हणाले. "बाहेरगावी गेलेत म्हणून सांगा."

मी तसंच सांगितलं.

"मग बसते की," ती म्हणाली. "येतीलच." आणि बाकावर टेकली.

आतून साहेबांचं फोनवरचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.