मागच्या आठवड्यापेक्षा

कारखान्याच्या मागच्या भिंतीला तडा गेला होता आणि दर सोमवारी त्याचा इंग्रजी अहवाल ताई लिहायची. तिचं इंग्रजी पक्कं, म्हणून तर तिला शिवणयंत्रावरून उचलून वर ऑफिसात बसवलं होतं. धाकटी बहीण मात्र खालीच राहिली. त्याच भिंतीच्या कडेला बसून ती कॉलर शिवायची.

अहवालाची रीत भलतीच सोयीची होती. आकडा लिहायचा नाही, आकडे पाहून परदेशी ग्राहक बिचकतात, असं साहेबांचं म्हणणं. फक्त मागच्या आठवड्याशी तुलना करायची आणि जुना अहवाल पुसून टाकायचा. मुकादम फोनवर सांगायचा, ताई लिहायची: ‘स्लाइटली वायडर’. पुढच्या सोमवारी ‘स्लाइटली लाँगर’, मग ‘स्लाइटली डीपर’. जरासा रुंद, जरासा लांब, जरासा खोल. आता जराशाला कोण भितं? साहेब खूश आणि खरं सांगायचं तर ताईही निर्धास्त. एकतीस सोमवारांत ती एकदाही भिंतीजवळ गेली नव्हती.

बत्तिसाव्या सोमवारी मुकादम आजारी पडला, म्हणून ती स्वतः खाली गेली. तड्यात तिने आधी बोट घातलं, मग हात. हात कोपरापर्यंत आत गेला आणि पलीकडचा वारा बोटांना लागला. तिने हात झटकन बाहेर ओढला.

"ऊठ," ती धाकटीला म्हणाली. "सगळ्याजणी बाहेर चला. आत्ताच्या आत्ता!"

बायका घाबरून उठल्या, पण दारापाशी अडल्या. वरून कागद आल्याशिवाय जागा सोडली की दुसऱ्या दिवशी नोकरी नाही.

"तू लिहून आण ना, ताई," धाकटी म्हणाली. "तू लिहितेस म्हणून तर आम्ही इथे बसतो. काही असतं तर ताईने लिहिलं असतं, असं मी सगळ्यांना सांगते."

ताई धावत वर गेली. चार बोटं रुंद, आरपार, असं तिने लिहिलं आणि कागद साहेबांपुढे आपटला.

साहेबांनी तो शांतपणे वाचला. "मागच्या सोमवारपेक्षा किती वाढलाय?"

"मागच्या..." ताई अडखळली. खोटं तिला बोलवेना. "जरासाच. पण साहेब..."

"मग तेवढंच लिहा." त्यांनी कागद फाडला आणि खाली दारावरच्या रखवालदाराला फोन लावला. "बसवा सगळ्यांना. ताई लिहितायत."

ऑफिसच्या काचेतून खालचा हॉल दिसत होता. ताईने काचेवर दोन्ही हात आपटले, नाही नाही म्हणून ओरडली. पुन्हा सुरू झालेल्या यंत्रांच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? धाकटीने वर पाहिलं, ताईला ओळखून हसली आणि भिंतीला पाठ टेकवून सुईत दोरा ओवू लागली.