उलटा हात

अर्धांगाचा झटका आला, यांचा उजवा हात कामातून गेला आणि दाढी राहिली. थोरल्यानं मशीन फिरवून पाहिलं, तर गालभर ओरखडे. तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून बसले. छापखान्यातले दोस्त दोनदा दारातून परत गेले. "तोंड दाखवण्यासारखं राहिलंय का?" हे म्हणायचे. आज दहाला ते पुन्हा येणार होते. तिसऱ्यांदा हाकलल्यावर चौथ्यांदा कोण येतंय?

"मी करते दाढी," म्हटलं.

थोरला हसला. "आई, तू आमची बिनपाण्यानं करतेस तेवढी पुरे."

"ती तुमची. यांची पाण्यानं करणार."

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. एवढंसं कापलं तरी थांबायचं नाही, हे मला कळत होतं. म्हणून आधी कोपऱ्यावरचा सलूनवाला गाठला.

"मावशी, आधी कात्रीनं दाढी बारीक करा. मग गरम फडकं पाच मिनिटं. ब्रशनं फेस मुरू द्या. ब्लेड नवं. रेझर तिरका धरा, दाबू नका, त्याच्याच वजनानं उतरू द्या. आणि उलटा हात बिलकुल मारायचा नाही!"

झालं! मी जन्माची डावरी. मास्तरांनी याच हातावर पट्टी मोडली, सासूनं याच हातावरून माझ्या माहेराचा उद्धार केला. आता हाही! म्हटलं, बघच, उजव्यानं करून दाखवते.

कात्री झाली, फडकं झालं, फेस झाला. उजव्या हातातला रेझर गालापाशी नाचायला लागला. दोनदा टेकवला, दोनदा उचलला. थोरला कापूस घेऊन उभाच.

"आई, सोड आता."

"तू चहा टाक जा."

हे फेसातून अडखळत म्हणाले, "अगं... उजव्यानं का?"

"उलटा हात नको म्हणाला ना तो शहाणा!"

यांचं तोंड एका बाजूनं हसलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. "वेडे, उलटा म्हणजे... केसांच्या उलट. खालून वर."

"मग तसं सांगायला त्याची जीभ झिजत होती?"

रेझर डाव्या हातात घेतला, उजव्यानं कातडी ताणली. वरून खाली बोटभर, की पाण्यात खळखळ, परत बोटभर. गळ्याशी आले तर यांचा कंठमणी वरखाली.

"नंतर गिळा. मी मोकळी झाले की."

फेस संपला. रक्ताचा थेंब नाही.

तेवढ्यात दार वाजलं. थोरला चाचरत म्हणाला, "बाबा, काय सांगू त्यांना?"

यांनी डाव्या हातानं गाल चाचपला. कानाखाली चार केस राहिले होते. मला दिसले, मी बोलले नाही.

"बसायला सांग," हे म्हणाले. "आणि मला उठव."