कॉम्प्युटर बंद होईना

अँटीव्हायरस टाकल्यापासून देवश्रीचा कॉम्प्युटर बंद व्हायचं नाव घेईना. 'शटडाऊन' दाबलं की निळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं चक्र फिरायला लागायचं आणि फिरतच राहायचं. चहा करून, पिऊन, कप विसळून आलं तरी ते चालूच. शेवटी बटण दाबून धरायचं आणि जबरदस्तीने बंद करायचं. अशाने एखाद दिवशी सगळं काम उडेल, ही धास्ती तिला होती. नगरच्या दोन क्लासेससाठी ती जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिका तयार करायची आणि सगळ्या फाईली याच कॉम्प्युटरवर होत्या.

नगरला लागून असलेल्या भिंगारच्या घरात आई गेल्यापासून ती आणि वडील, दोघंच राहत. नृसिंहराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सकाळी तिचा चहा ते करत, भाजी आणून निवडून ठेवत. देवश्रीने वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. हिवाळ्यात जालन्याजवळच्या एका बियाणे संशोधन केंद्रात ती मुलाखत देऊन आली होती. मुलाखत झकास झाली होती. घेणाऱ्या बाई उठून दारापर्यंत आल्या होत्या. पुढे मात्र काहीच कळलं नाही. वाट पाहून पाहून तिने विषय सोडला. त्या दिवशी नृसिंहरावांनी स्वतः शिरा केला आणि म्हणाले, "त्यांना माणसाची पारख नाही, देवू. जाऊ दे."

मे महिन्यातल्या एका सकाळी वडील बाजारात गेले, तेव्हा तिने सुश्रुतला फोन लावला. सुश्रुत तिचा मावसभाऊ, नगरच्याच सावेडीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

"ताई, आधीचा एखादा अँटीव्हायरस राहिलाय का बघ. दोन असले की एकमेकांच्या उरावर बसतात."

"नाही. एकच आहे."

"मग सेफ मोडमध्ये चालू कर, म्हणजे फक्त गरजेपुरतेच प्रोग्रॅम सुरू होतील, आणि बंद करून बघ."

सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर शहाण्यासारखा बंद झाला.

"म्हणजे मशीन ठणठणीत आहे," सुश्रुत म्हणाला. "चालू होताना जे प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात, त्यातलं कुणीतरी अडवतंय. आता एक एक बंद करत जा. थोडा वेळ लागेल."

तिने फोन स्पीकरवर टाकला आणि कामाला लागली. प्रिंटरचा प्रोग्रॅम बंद केला, तरी चक्र फिरतंच. मराठी टायपिंगचा बंद केला, तरी तेच. असं करत करत ती 'डिस्प्ले हेल्पर' नावाच्या एका प्रोग्रॅमपाशी आली. तो बंद करून शटडाऊन दाबलं आणि पडदा झटक्यात काळा झाला.

"सापडला रे!" ती हसली. "डिस्प्ले हेल्पर. पण हे आहे काय?"

सुश्रुत हसला नाही. "असं काही मॉनिटरबरोबर येत नाही, ताई. तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे बघ. आणि फोल्डर केवढा आहे ते सांग."

तिने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, फोल्डर शोधला. तो एवढा मोठा होता की आकार मोजायलाच कॉम्प्युटरला वेळ लागला. आत नुसती चित्रं. हजारो. तिने एक उघडलं. तिनेच केलेली प्रश्नपत्रिका, अर्धवट टाईप केलेली. दुसरं उघडलं. मैत्रिणीशी केलेल्या गप्पा. तिसऱ्यात आईच्या आजारपणाबद्दल तिने कधीतरी शोधलेली माहिती. तिच्या पडद्याचेच फोटो होते, दर थोड्या वेळाने काढलेले.

तिने फोल्डर बंद करून पुन्हा उघडला. चित्रं तिथेच होती.

"ताई? बोल की."

"माझे... माझ्या स्क्रीनचे फोटो आहेत, सुश्रुत. सगळे. मी जे जे केलं ते सगळं."

"बाप रे," तो हळूच म्हणाला. "म्हणून अडकत होतं. बंद होताना तो शेवटचा फोटो साठवायला जातो, अँटीव्हायरस ती फाईल तपासायला धरून ठेवतो, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. ताई, हे बाहेरून आलेलं वाटत नाही. कुणीतरी घरात येऊन बसवलंय. कॉम्प्युटर कुणाच्या हाताखालून गेला?"

"कुणाच्याच नाही."

ती चित्रं मागे मागे नेत राहिली. आपण काय शोधतोय हे तिलाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी पाठीमागे उभं राहून आपल्या मानेवरून बघतंय असं वाटून तिने एकदा वळूनही पाहिलं. मागे आईचा फोटो आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, एवढंच.

मग ती जानेवारीत पोचली. तिथे एका चित्रातली अक्षरं एवढी मोठी होती की एका पडद्यावर चार ओळी जेमतेम मावल्या होत्या. तिने तारीख पाहिली. त्या दिवशी ती घरात नव्हती. आतेबहिणीच्या लग्नाला श्रीगोंद्याला गेली होती, आणि गुडघा दुखतो म्हणून वडील घरी राहिले होते.

मोठ्या अक्षरांत बियाणे केंद्राचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'आपली निवड झाली आहे.' त्याखाली दोन बटणं. एक 'स्वीकार', दुसरं 'नकार'.

पुढच्या चित्रात बाण 'नकार'वर होता.

त्यापुढच्या चित्रात फक्त एक ओळ होती. 'आपण ही जागा नाकारली आहे.'

घरात एवढी मोठी अक्षरं करून वाचणारं एकच माणूस होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नृसिंहराव मोबाईलवरचा पेपरसुद्धा अशीच अक्षरं मोठी करून वाचायचे.

"ताई, मी येऊ का तिकडे?" सुश्रुत विचारत होता.

"नको," ती म्हणाली. आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचंच तिला नवल वाटलं. तिने फोन ठेवला. ती बसून राहिली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. डोक्यात फक्त तो शिरा होता. बेदाणे घातलेला, वाटीत मूद पाडून दिलेला.

दाराची कडी वाजली. नृसिंहराव पिशवी घेऊन आत आले. "कोथिंबीर काय महाग झालीय..." म्हणता म्हणता त्यांची नजर पडद्यावर गेली. चष्म्याशिवायही ती अक्षरं त्यांना वाचता येत होती. ते जागच्या जागी थांबले.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

नाही म्हणतील, काहीतरी दुसरंच निघेल, अशी शेवटची आशा तिला होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"हो."

"आणि हे फोटो? हा प्रोग्रॅम?"

"तुझी आई गेल्यावर तू माझ्याशीसुद्धा बोलत नव्हतीस. दार लावून त्या मशीनपुढे बसायचीस. पेपरात काय काय येतं, मी घाबरलो. एका माणसाला बोलावून ते बसवून घेतलं. तू बाहेर गेलीस की ते उघडून, तू सुखरूप आहेस एवढंच बघायचो मी, देवू."

"आणि नकार?"

ते खुर्चीवर बसले. "तुझी मेल कॉम्प्युटरवर उघडीच असायची. त्यांची आली ती मी उघडली. वाचली. तू गेलीस तर या घरात मी... मला काही सुचलं नाही. बटण दाबलं. नंतर मेल पुसून टाकली. तू लग्नाहून आलीस, तेव्हा सांगणार होतो."

"सांगितलं नाहीत. शिरा करून घातलात मला." आता मात्र तिचा आवाज चिरकला. "त्यांना पारख नाही म्हणालात! मी तीन-तीनदा आठवत बसले, मुलाखतीत काय चुकलं ते. स्वतःलाच मूर्ख समजत होते मी, बाबा!"

नृसिंहरावांनी मान खाली घातली. जन्मभर कचेरीत नेकीने वागल्याचा अभिमान बाळगणारा हा माणूस तिने असा कधी पाहिला नव्हता. त्यांची कीव यायला हवी होती. ती येत नव्हती, याचाही तिला धक्का बसला.

तिने केंद्राचा नंबर शोधून लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून त्यांच्यापुढे सरकवला.

"सांगा. तुम्हीच सांगा त्यांना."

फोन मुलाखतवाल्या बाईंकडे गेला. मग नृसिंहराव फोनजवळ वाकले. "नमस्कार. मी देवश्रीचे वडील बोलतोय, भिंगारहून. जानेवारीत तिच्या नावाने जो नकार आला, तो तिने दिला नव्हता. मी दिला. तिच्या नकळत."



"तुम्ही वडील ना तिचे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"फोन तिला द्या."

ती जागा कधीच भरली गेली होती, असं बाईंनी सांगितलं. पण पावसाळी हंगामात चाचणीच्या वाफ्यांवर वर्षभराच्या कराराने माणूस हवं होतं. उन्हातान्हातलं काम, पद खालचं. नव्याने अर्ज करावा लागेल, मुलाखतही पुन्हा, आणि कुणाची शिफारस चालणार नाही. "जमेल?" त्यांनी विचारलं.

"जमेल," देवश्री म्हणाली.

दुपारी सुश्रुत न सांगताच आला. त्याने तो प्रोग्रॅम मुळापासून काढला, सगळे पासवर्ड बदलून दिले. काकांकडे त्याने पाहिलं नाही आणि काकाही आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. ती चित्रं पुसू का, असं त्याने विचारलं, तेव्हा देवश्रीने स्वतः माऊस हातात घेतला आणि सगळी एकदमच पुसून टाकली. जानेवारीतलीसुद्धा.

पुन्हा मुलाखत झाली, निवडही झाली, आणि जून लागता लागता ती जालन्याला निघाली. मधल्या दिवसांत दोघांचं बोलणं मीठ आहे का आणि गॅस संपलाय का एवढ्यापुरतंच उरलं होतं. नृसिंहरावांनी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा तिने ऐकून घेतली, उत्तर दिलं नाही. खोटं बोलून त्यांना मोकळं करणं तिला जमत नव्हतं, आणि खरं काय ते तिलाच अजून कळलं नव्हतं.

स्टँडपर्यंत येतो म्हणून त्यांनी चप्पल घातली होती. ती नको म्हणाली. रिक्षात बॅग ठेवून ती परत दारापाशी आली.

"तुमच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात," ती म्हणाली. "आजच आणून ठेवा."

ते मान हलवत होते, तोवर ती रिक्षात बसली.